आवाज : पारंपरिक

परतूरच्या सुमितचं गाणं निघालं, तेव्हा ते चालावं म्हणून त्यानं जेवढी धडपड केली नसेल, तेवढी ते आपल्या आत्याच्या कानावर जाऊ नये म्हणून केली. लोक गाणं काढलं की आधी नातेवाइकांच्या मागं लागतात, लिंक पाठवून पाठवून जीव खातात. या पठ्ठ्यानं गाणं टाकायच्या आदल्या दिवशीच आत्याच्या घरातले सगळे नंबर आपल्या स्टेटसमधून वगळून टाकले. आता तुम्हीच सांगा, मन साफ असलेला माणूस असं करतो का?

आत्याचं नाव बेबीनंदा. सुमितच्या बापाची थोरली बहीण, दिलेली वाटूरला. नवरा तातेराव गवंडीकाम करतो. दोन लेकरं, राजानंद, म्हणजे घरचा राजू, आणि साक्षी. राजानंद सुमितपेक्षा तीन वर्षांनी मोठा, आणि सुमितला रॅपचं वेड लावलं ते त्यानंच. सुट्टीत सुमित वाटूरला गेला की दोघं भाऊ गच्चीवर जाऊन बसायचे आणि खाली आत्या जेवायला हाका मारून मारून थकायची. राजानंदला स्वतःला दोन ओळी जुळवता यायच्या नाहीत. तो म्हणायचा, तू लिहीत जा, मी ऐकत जातो. त्या एका ऐकणाऱ्याच्या भरवशावर सुमितनं वह्याच्या वह्या भरल्या.

दोन वर्षांमागं पावसाळ्यात राजानंद सकाळी कामावर निघाला आणि गावाबाहेरच्या वळणावर त्याची मोटारसायकल घसरली. चोवीस वर्षांचा पोरगा. दवाखान्यातून घरी आणला तेव्हा दुपार झाली होती.

आपल्याकडं मयताच्या घरी बाया नुसत्या रडत नाहीत, हे काय नवं सांगायला पाहिजे असं नाही. एकमेकींच्या गळ्यात पडतात, हेल काढतात आणि गेलेल्या माणसाशी बोलत बोलत रडतात. तो लहानपणी काय खायचा, कुणाशी भांडायचा, कोणत्या सणाला कोणता सदरा मागायचा, सगळं त्या रडण्यात येतं. ऐकणाऱ्याचं काळीज फाटतं, पण त्यानंच दुःख वाटलं जातं. ज्यानं ते रडणं ऐकलं नाही, तो मातीला आला असं कुणी धरतच नाही.

सुमितचा चुलता धम्मपाल तेव्हा सुरतला कामाला होता. त्याला पोचायला दुसरा दिवस उजाडणार, आणि मातीला तर संध्याकाळच्या पुढं थांबता येत नव्हतं. भाच्याचं तोंड दिसायचं नाही हे कळल्यावर त्यानं सुमितला फोन केला आणि लेकरासारखा हुंदके देत म्हणाला, की मला निदान अक्काचं रडणं तरी ऐकव रे. सुमित बायांच्या घोळक्यापाशी फोन धरून उभा राहिला. रेंज सारखी तुटत होती, म्हणून त्यानं आवाज रेकॉर्ड केला आणि पाठवून दिला. साडेचार मिनिटांची फाईल. त्यात कुणाचं काही चुकलं नाही. धम्मपालनं ती ऐकली, सुरतच्या खोलीत बसून रडला आणि भाच्याच्या मातीला हजर राहिला, एवढंच. फाईल मात्र सुमितच्या फोनात राहून गेली.

आता हरिओम. हा जाफराबादकडचा, शेतकऱ्याचा पोरगा. जालन्याला कॉलेजात सुमितची आणि त्याची गाठ पडली. कॉलेज सुटलं तरी दोस्ती सुटली नाही. हरिओम मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला आणि फावल्या वेळात लॅपटॉपवर बीट बनवायचा. हात असा, की पाण्याच्या मोटारीच्या आवाजातूनही ठेका काढावा. स्टुडिओ कुठं परवडणार? पण हरिओमच्या घरी भाव वाढायची वाट बघत कापूस भरून ठेवलेली एक खोली होती, अगदी पत्र्यापर्यंत गच्च. त्या गंजीत दोघांनी बसण्यापुरती बीळ केल्यासारखी जागा केली. चारी बाजूंनी कापूस असला की आवाज जराही घुमत नाही, माइकमध्ये नुसता कोरडा माणूस येतो. हा शोध हरिओमचा. फक्त एक होतं, तासभर बसलं की अंग खाजून खाजून लाल व्हायचं. हरिओमच्या बापानं, पुंजारामनं, सुमितला पहिल्या दिवशी आडनाव विचारलं, दुसऱ्या दिवशीपासून विचारलं ते फक्त जेवलास का.

त्या गंजीत बसून जानेवारीत दोघांनी गाणं बनवलं. परतूर ते जाफराबाद म्हणजे दोन एसट्या आणि एक काळीपिवळी जीप, पण सुमित महिन्यात सहा वेळा गेला. कडवी झकास उतरली होती.

परतूरच्या फाट्यावर उभं अर्धं गाव,
हातामंदी डिग्री, यादीमंदी न्हाई नाव.

पण गाण्याला धरून ठेवणारी ओळच सापडत नव्हती. पोरांनी एकदा ऐकावी आणि दिवसभर तोंडात घोळवावी अशी. दोघांनी वीस ओळी करून पाहिल्या, वीसही फेकल्या. शेवटी सुमित पाणी प्यायला बाहेर गेला आणि हरिओम काहीतरी आवाज सापडेल म्हणून त्याच्या फोनातल्या फायली चाळत बसला. त्यांच्यात तसा पडदा नव्हता.

सुमित परत आला तर हरिओम कानाला हेडफोन लावून डोळे मिटून बसलेला. काय ऐकतोय ते सुमितला स्क्रीनवर दिसलं. हरिओमनं हेडफोन काढला आणि हळू आवाजात विचारलं, "हे काय हाय रे?"

तिथंच खरं सांगायचं होतं. माझी आत्या हाय, राजूच्या मातीतलं हाय, पुसून टाक, एवढे तीन तुकडे. हरिओमनं ते ऐकलं असतं तर लॅपटॉपवरचा हात काढून घेतला असता, कारण त्याच्या गावातल्या बायाही अशाच रडतात. सुमितला हे पक्कं माहीत होतं. आणि त्याला हेही माहीत होतं, की महिनाभर जी ओळ शोधत होतो ती हीच. मोहाला वेळ लागत नाही हो. तो म्हणाला, "जुनी कॅसेट हाय. आमच्याकडच्या गायन पार्टीची."

"बाई कोन?"

"वारली ती. लई वर्सं झाली."

म्हणजे बघा, जिनं लहानपणी याचे दुधाचे दात पत्र्यावर फेकले, ती धडधाकट आत्या यानं एका वाक्यात मारून टाकली.

हरिओमनं अगदी सुरुवातीचा तुकडा कापून घेतला. बेबीनंदाचा गळा अजून फाटायचा होता तेव्हाचा. ऐकताना वाटावं, कुणीतरी मायेनं लेकराला उठवतंय. "उठ रं माझ्या वासरा, चहा निवला रं तुझा." हरिओमनं पट्टी चढवून आवाज जरा बारीक केला, खाली ढोलाचा ठोका दिला आणि तो तुकडा फिरून फिरून लावला. दोघांच्या अंगावर काटा आला. सुमितच्या अंगावर जरा जास्तच. तो म्हणाला, कापसानं खाजतंय.

गाण्याचं नाव ठेवलं 'उठ'. खाली लिहायची वेळ आली. शब्द : सुमित. संगीत : हरिओम. आवाज, म्हणून हरिओम थांबला. नाव माहीत नसेल तर निदान गाव तरी टाकू म्हणाला, कुणाची तरी आई असेल ती, बरं दिसतं. सुमितनं लॅपटॉप आपल्याकडं ओढला आणि स्वतःच्या बोटांनी टाईप केलं, 'पारंपरिक'.

पहिला आठवडा गाणं नुसतं पडून होतं. मग कुण्या बाईनं सकाळी अंथरुणात लोळणाऱ्या नवऱ्यापुढं कप धरून त्या ओळीवर रील केलं आणि जे चालू झालं ते काही थांबेना. उठ रं माझ्या वासरा म्हणत कुणी मांजर उठवलं, कुणी वर्गात झोपलेला मित्र, कुणी बसमध्ये तोंड उघडं टाकून घोरणारा अनोळखी म्हातारा. जालन्यातल्या एका चहाच्या दुकानानं जाहिरात म्हणून दिवसभर तेच लावलं. एका उमेदवारानं मधे आपलं नाव घालून प्रचाराची गाडी फिरवली. मग डीजेवाल्यांनी रिमिक्स काढले, एक हळदीसाठी, एक वरातीसाठी, एक नुसताच कानठळ्या बसवायला. पुण्याच्या एका नावाजलेल्या रॅपरनं तेवढी ओळ उचलून आपल्या गाण्यात घातली आणि सुमितला मेसेज केला, भावा, काय सोनं सापडलंय तुला.

आणि सुमितला हे सगळं आवडलं. लपवून काय उपयोग? रस्त्यानं जाताना पोरं थांबवायची, फोटो काढायची, तेव्हा त्याची छाती फुगायची. मोबाईलवर बातम्या करणाऱ्या एका पत्रकारानं त्याला विचारलं, की हा आवाज कुणाचा. तर हा माइकसमोर मान तिरपी करून म्हणतो कसा, हा आपल्या मातीतला आवाज आहे, तो कुणा एकाचा नसतो. तोंडाला येईल ते बोलला. त्या दिवशी घरी येऊन जेवला मात्र नाही. आईनं विचारलं तर म्हणाला, बाहेर खाल्लं.

लाज अशीच चढते, तापासारखी. एकदा चहाच्या टपरीवर पोरांनी त्याला एक रील दाखवलं. नाल्यात दारू पिऊन पडलेला माणूस, त्याला पायानं ढोसतायत, आणि वर आत्याचा आवाज. पोरं पोट धरून हसली. सुमितही हसला. ते आपलं स्वतःचं हसणं त्याला घरी जाईपर्यंत ऐकू येत राहिलं, आणि दारात पोचल्यावर त्याला वाटलं, राजू गच्चीवरून बघत असेल तर काय म्हणत असेल. त्याला इतकी शरम वाटली की तो दारातूनच मागं फिरला.

साक्षीला गाणं कळलंच. ती नर्सिंग करत होती, हॉस्टेलच्या पोरींनी तिला ऐकवलं. तिनं फोन करून सुमितला चांगलं फैलावर घेतलं, की दादा, घरच्यांना बाहेरून कळतंय का आता. आवाज तिनं ओळखला नव्हता. राजानंद गेला त्या दुपारी ती स्वतःच शुद्धीवर नव्हती. सुमितनं विचारलं, आत्यानं ऐकलं का. ती म्हणाली, छे, आईजवळ साधा फोन आहे, आणि राजूदादा गेल्यापासून आमच्या घरात गाणं लागतच नाही.

सुमितला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याचीही लाज वाटली.

पण साक्षीचं लग्न ठरलेलं होतं. भाऊ गेला म्हणून दोन वर्षं मागं पडलेलं, आता मे महिन्यात तारीख धरली होती. नवरा मुलगा बुद्धभूषण, अंकुशनगरचा. वरात म्हटली की डीजे आला, आणि त्या उन्हाळ्यात असा एक डीजे नव्हता ज्यानं ते रिमिक्स वाजवलं नव्हतं. सुमितची झोप उडाली. आत्याला आधी आपणच सांगायचं, असं ठरवून तो लग्नाच्या पंधरा दिवस आधी वाटूरला गेला.

बेबीनंदा अंगणात कुरडया घालत बसली होती. त्याला बघून तिचं तोंड फुललं. राजानंद गेल्यापासून ती कमी बोलायची, पण त्या दिवशी बोलली. नवरीचा भाऊ म्हणून जे जे करायचं असतं ते आता तूच करायचं, म्हणाली. गाडीचं दार तूच उघडायचं. पाहुण्यांना निरोप तूच द्यायचा. "राजूच्या जागी तू हायेस, बाबा," ती म्हणाली आणि पिठाच्या हातानं त्याच्या गालावरून हात फिरवला.

सुमितनं ओल्या कुरडईचा चीक खाल्ला, पाणी प्यायला आणि आल्या एसटीनं परत गेला. सांगायला गेल्ता कशाला आणि करून आला काय!

मग पळवाट शोधली. वरातीचा डीजे अंबडच्या कारभारी नावाच्या माणसाचा आहे हे कळल्यावर तो कारभारीला जाऊन भेटला आणि म्हणाला, की बाकी काहीही वाजव, 'उठ' वाजवू नको. कारभारीला हसू आवरेना. स्वतःचंच गाणं नको म्हणणारा गायक त्यानं पहिल्यांदा पाहिला. सुमितनं सांगितलं, हक्काचं काही लफडं चालू आहे, नंतर सांगतो. कारभारी म्हणाला बराबर, न्हाई वाजवत. सुमित निर्धास्त झाला. आत्याला खरं सांगण्यापेक्षा डीजेवाल्याला खोटं सांगणं त्याला सोपं गेलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी अकराला वरात कार्यालयापाशी आली. ऊन मी म्हणत होतं. हरिओम खास जाफराबादहून नवा सदरा घालून आला होता. दारात बेबीनंदा, हातात फुलांचं ताट, जावयाचं स्वागत करायला उभी. तिच्या मागं सगुणाबाई, कांताबाई, भावकीतल्या सगळ्या बाया. सुमित पाहुण्यांच्या पुढं पुढं करत होता, आणि कितीतरी दिवसांनी त्याला बरं वाटत होतं.

तेवढ्यात बुद्धभूषणच्या मित्रांनी त्याला ओळखलं. अरे, हा तर 'उठ'वाला. नवरीचाच भाऊ निघाला. झालं. दोघातिघांनी मिळून त्याला उचलला, खांद्यावर घेतला आणि नाचत डीजेच्या गाडीपाशी नेला. सगळी वरात एका सुरात ओरडायला लागली, उठ लाव, उठ लाव. सुमित वरून दोन्ही हातांनी नको नको करत होता. खालच्यांना वाटलं, लाजतोय. कारभारीनं त्याच्याकडं बघितलं, वरातीकडं बघितलं, खांदे उडवले आणि लावलं.

आधी ठोका आला. मग तो आवाज, भिंतीएवढ्या चार स्पीकरमधून. उठ रं माझ्या वासरा. दोनशे माणसं हात वर करून एकदम उडाली. चहा निवला रं तुझा. पुन्हा. पुन्हा.

सुमितला वरून सगळं दिसत होतं. बेबीनंदा दारात होती तिथंच थबकली. मग तिनं ताट शेजारच्या सगुणाबाईच्या हातात दिलं आणि ती चालायला लागली. नाचणाऱ्या पोरांमधून वाट काढत, कुणाचा धक्का लागला तरी न थांबता. काहींना वाटलं विहीणबाई नाचायला आल्या, त्यांनी शिट्ट्या मारल्या. ती सरळ गाडीपाशी गेली आणि कारभारीला हातानं खूण केली. तिच्या तोंडाकडं बघून त्यानं गाणं बंद केलं.

नाचणारे जागच्या जागी थांबले. बेबीनंदा रागावलेली नव्हती. ती गोंधळून वरातीतल्या एकेका पोराकडं बघत होती.

"ही बाई रडून राह्यली रे," ती म्हणाली. "हिच्या घरी कोनी तरी उठलं न्हाई. अन् तुमी नाचून राह्यले?"

जे गाणं लाखो लोकांनी ऐकलं, त्यातलं रडणं ओळखायला ही बाई यावी लागली. तिला स्वतःचा आवाज ओळखू आला नव्हता, कारण तो बारीक केलेला होता. आणि त्या दुपारी आपण काय काय बोललो ते तिला आठवत नव्हतं. तिनं वर बघितलं. सुमित अजून खांद्यावर होता. उतरायचंही सुचत नव्हतं त्याला.

"तुहं गानं हाय म्हनं हे," ती म्हणाली. "कोन हाय ही? कुन्या गावची?"

मदतीला धावून आला हरिओम, बिचारा भल्या मनानं. पुढं होऊन, हात जोडून म्हणाला, की काकू, ती बाई वारली, जुनी कॅसेट होती, आम्हाला नाव सापडलं न्हाई. बेबीनंदानं चुकचुकत मान हलवली. म्हणाली, लेकरू बी गेलं अन् माय बी गेली, कोनी इचारनारं बी ऱ्हायलं न्हाई म्हनून असं करावं का. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, त्या परक्या बाईसाठी.

तिथं गप्प राहिला असता तर सुमित सुटला असता. हरिओमनं साक्ष दिली होती, आत्यानं मानली होती. पण आत्यानं पदरानं डोळे पुसले, ते त्याला बघवेना. तो खांद्यावरून खाली घसरला, पडता पडता सावरला.

"न्हाई वारली," तो म्हणाला. "आत्या, तूच हायेस ती."

तिला कळायला वेळ लागला. हरिओमला आधी कळलं. तो दोन पावलं मागं सरकला आणि सुमितकडं असा बघायला लागला, की जणू त्याला पहिल्यांदाच बघतोय.

"राजूच्या वक्ताचं?" बेबीनंदानं विचारलं.

सुमितनं होकाराची मान हलवली.

"किती लोकायनं ऐकलं?"

त्याला आकडा पाठ होता. रोज सकाळी उठून तो तेच बघायचा. पाठीमागं कुणीतरी पोरगं पुटपुटलं, अख्ख्या महाराष्ट्रानं. बेबीनंदानं ते ऐकलं. ती ओरडली नाही, हात उचलला नाही. उचलला असता तर सुमितनं सुखानं खाल्ला असता. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला, दोन्ही हातांनी घट्ट धरला, भर बाजारात लुगडं सुटावं आणि बाईनं सावरावं तसा. मग वरातीकडं वळून म्हणाली, "चला आत. वंदनेचा टाइम झाला."

लग्न लागलं. त्रिशरण झालं, पंचशील झालं, फुलं पडली. सुमित भावाच्या जागी उभा होता, कारण बाजूला हो असं त्याला कुणी म्हटलं नाही. कुणी म्हणावं म्हणून तो तरसत होता. तातेराव समोरून दोनदा गेला, दोन्ही वेळा त्याच्याकडं न बघता.

हरिओम त्याला कार्यालयाच्या मागं पाण्याच्या टाकीपाशी सापडला. फोन काढून त्यानं गाणं काढून टाकलं होतं. पण ते त्या दोघांचं एक, बाकीचे रिमिक्स, रील, पुण्याच्या रॅपरचं गाणं, चहाच्या दुकानाची जाहिरात, त्यातलं काहीच त्यांच्या हातात नव्हतं. सुमित म्हणाला, चूक झाली. हरिओमनं फोन खिशात घातला. म्हणाला, "त्या दिवशी मी तुला दोन डाव इचारलं व्हतं." आणि न जेवता निघून गेला. लग्नाघरून उपाशी उठून जाणं म्हणजे काय ते आपल्याकडं लहान पोरालाही कळतं.

चार वाजता नवरीची गाडी दारात लागली. सुमितनं दार उघडून धरलं. साक्षी आईच्या गळ्यात पडली आणि मोकळेपणी रडायला लागली. बाया भोवती गोळा झाल्या. लेक सासरी निघाली की पहिला हेल आईनं काढायचा आणि मग बाकीच्यांनी तिला साथ द्यायची, ही रीत. सगळ्या बेबीनंदाच्या तोंडाकडं बघत थांबल्या. सगळीकडून मोबाईल वर झाले होते, नेहमीसारखेच. फोटोग्राफर जवळ सरकला, भावकीतल्या पोरी चवड्यावर उभ्या राहिल्या.

बेबीनंदानं मान वर करून ते मोबाईल बघितले. एक एक बघितला. मग पदराचा बोळा तोंडात घातला आणि दात आवळले.

"आई, रड ना गं," साक्षी तिला हलवून हलवून म्हणाली. "आई, अशी नको राहू, रड ना."

बेबीनंदाचा गळा हलत होता, खांदे हलत होते, आवाज येत नव्हता. सुमितला सहन होईना. तो घोळक्यात घुसला आणि लोकांच्या हाता-पाया पडायला लागला, फोन खाली करा, कुणी काही घेऊ नका, खिशात घाला. लोकांनी घातले. फोटोग्राफरनंही कॅमेरा उतरवला. एकही फोन वर राहिला नाही. सुमितनं आपलाही फोन बंद करून आत्याला दिसेल असा हातात धरला आणि म्हणाला, "आत्या, आता कोनी न्हाई. आता रड."

तिनं त्याच्याकडं बघितलं. मग साक्षीचे हात आपल्या गळ्यातून हळूच सोडवले, तिचं डोकं हातानं खाली वाकवलं आणि तिला गाडीत बसवलं. सगुणाबाईला राहवलं नाही, तिनं तोंड उघडलं होतं, पण बेबीनंदाकडं बघून तिनंही पदर तोंडात घातला. मग कांताबाईनं. मग सगळ्यांनी. गाडी फाट्याकडं वळून दिसेनाशी झाली तरी एकीनंही हेल काढला नाही. तोंडात पदर कोंबून सगळ्या बाया सुमितकडं बघत उभ्या राहिल्या.